मेनफ्रेमवर जॉब पडला तर: प्रॉडक्शन सपोर्टला नव्याने आलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत दरवर्षी बरीच मुलंमुली थोडं कोबॉल आणि जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगायची भाषा) शिकून थेट झेड-ओएसच्या (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) सपोर्ट प्रोजेक्टवर जातात. ट्रेनिंगमध्ये स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम चालवलेला असतो. इथे समोर येतो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला चाळीस स्टेप्सचा जॉब, तोही पडलेला, आणि कॉलवर चार माणसं विचारतात, "किती वेळ लागेल?"

अशा वेळी काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते इथे सांगतो. तुमच्याकडे जेस-टू (जॉब रांगेत लावून चालवणारी व्यवस्था) आणि एसडीएसएफ (जॉब आणि त्यांचं आउटपुट बघायचं टूल) आहे असं धरलंय. आउटपुट बघायचं टूल वेगळं असेल तर पडद्यांची नावं बदलतील, क्रम तोच राहील. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: अबेंडमुळे, म्हणजे जॉब मध्येच पडल्यामुळे, डेटाचं नुकसान सहसा कमी होतं, खरं मोठं नुकसान घाईघाईने दिलेल्या रीस्टार्टमुळे होतं.

१. शिफ्टला बसण्याआधी हाताशी काय हवं

ही यादी पहिल्याच आठवड्यात पूर्ण करा. रात्री अडीच वाजता अॅक्सेस मागत बसण्यात अर्थ नाही.

– स्वतःचा टीएसओ (मेनफ्रेमवर लॉगिन करून काम करायची सोय) आयडी, शिवाय तातडीच्या वेळचा वाढीव अधिकाराचा आयडी कसा मिळतो आणि त्याला मंजुरी कोण देतं याची माहिती.
– प्रॉडक्शनच्या जेसीएल, प्रोक (तयार ठेवलेलं, पुन्हा वापरायचं जेसीएल) आणि कंट्रोल कार्डच्या (प्रोग्रॅमला द्यायच्या सूचना) लायब्ररींवर निदान वाचण्याचा अधिकार.
– शेड्युलर बघण्याचा अधिकार (कंट्रोल-एम, सीए-७, जे असेल ते). जॉबच्या आधी कोण आणि नंतर कोण, हे फक्त तिथेच कळतं.
– प्रत्येक महत्त्वाच्या जॉबची रीस्टार्टची लेखी सूचना. नसेल तर ती मागून घ्या, आणि मागितल्याचं लेखी ठेवा.
– ज्या लोड मॉड्यूलने (कंपाइल होऊन चालायला तयार झालेला प्रोग्रॅम) जॉब चालतो त्याचंच कंपाइल लिस्टिंग (कंपायलरने छापलेली प्रोग्रॅमची प्रत) कुठे मिळेल ते.
– ऑन-कॉल यादी: अॅप्लिकेशन, डीबीए (डेटाबेस सांभाळणारे), स्टोरेज, सिक्युरिटी, सिस्टीम्स.
– बॅच (एकामागून एक चालणारे जॉब) किती वाजेपर्यंत संपायलाच हवी ती वेळ. सीआयसीएसच्या (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टीम) फाइली ऑनलाइनसाठी उघडायच्या असतील तर ही वेळ सगळ्यात महत्त्वाची.

एसडीएसएफमध्ये पहिल्यांदा गेल्यावर पडदा रिकामा दिसला तर घाबरू नका. प्रीफिक्स आणि ओनर हे फिल्टर बहुधा तुमच्याच आयडीवर लागलेले असतात. ते दोन्ही 'स्टार' करा.

वेळेचाही गोंधळ होतो. लॉगमधली वेळ त्या सिस्टीमची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे १० वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे ७:३० आणि हिवाळ्यात ८:३० झालेले असतात. तारीख बरेचदा ज्युलियन असते, म्हणजे वर्ष आणि त्या वर्षातला कितवा दिवस. २४०६० म्हणजे २९ फेब्रुवारी २०२४, पण २५०६० म्हणजे १ मार्च २०२५. फाइल कोणत्या दिवसाची हे ठरवताना लीप वर्षाचा हा एक दिवस नेमका आडवा येतो.

२. आधी लॉग वाचा, तोही ठरावीक क्रमाने

एसडीएसएफच्या स्टेटस किंवा हेल्ड आउटपुट पडद्यावर जॉबसमोर प्रश्नचिन्ह टाका. आउटपुटचे सगळे तुकडे वेगवेगळे दिसतात.

अ) सर्वांत आधी जेस मेसेज लॉग. इथे आयईएफ४५०आय हा मेसेज शोधा. जॉब, स्टेप आणि अबेंड कोड एकाच ओळीत मिळतात. कोडच्या आधी 'एस' असेल तर तो सिस्टीमने दिलेला तीन अंकी हेक्स कोड, 'यू' असेल तर प्रोग्रॅमने किंवा एखाद्या प्रॉडक्टने दिलेला चार अंकी दशमान कोड. आयईएफ४५३आय दिसला तर प्रकरण जेसीएल एररचं आहे, प्रोग्रॅम उघडून बसू नका.

ब) मग त्या मेसेजच्या वर जा. हे नवीन लोक करत नाहीत. अबेंडची ओळ हा शेवट असतो, कारण बहुतेक वेळा त्याच्या दोन-चार ओळी आधी असतं. एस९१३ दिसला की वर रॅकफचा (अधिकार तपासणारी सुरक्षा व्यवस्था) आयसीएच४०८आय असतो, एस८०६ दिसला की कोणतं मॉड्यूल सापडलं नाही ते सीएसव्हीने सुरू होणाऱ्या मेसेजमध्ये असतं.

क) पुढे जेस सिस्टीम मेसेजेस. कोणती स्टेप चालली, कोणती वगळली, कोणत्या स्टेपचा कंडिशन कोड (स्टेप कशी संपली ते सांगणारा आकडा) किती, कोणता डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) कॅटलॉग झाला, म्हणजे नावाने नोंदला गेला, आणि कोणता डिलीट झाला, हे सगळं इथे आहे. रीस्टार्ट ठरवताना हाच भाग लागणार, म्हणून कॉपी करून ठेवा.

ड) शेवटी प्रोग्रॅमचा सिसआउट (त्याने छापलेलं आउटपुट) आणि डंप (पडतानाच्या मेमरीची नोंद).

यू४०३८ दिसला तर त्या आकड्यावर वेळ घालवू नका. लँग्वेज एन्व्हायर्नमेंटने (कोबॉलसारख्या भाषांचे प्रोग्रॅम ज्याच्या आधाराने चालतात ते) काम थांबवलं एवढंच तो सांगतो. खरं कारण सिसआउटमध्ये किंवा सीईई डंपमध्ये 'सीईई'ने सुरू होणाऱ्या मेसेजमध्ये असतं.

जेसीएलमधला कंड पॅरामीटर (स्टेप कधी वगळायची ती अट) वाचताना सावध राहा. (४,एलटी) याचा अर्थ "आधीच्या कोडपेक्षा ४ लहान असेल तर ही स्टेप वगळा" असा आहे. म्हणजे आधीच्या कुठल्याही स्टेपला ४ पेक्षा मोठा कोड आला की ही स्टेप चालत नाही. नवीन माणूस हे हमखास उलटं वाचतो. तुम्हाला नवीन जेसीएल लिहायची वेळ आली तर सरळ इफ-देन वापरा.

३. रोज भेटणारे कोड

यातला एकच नीट समजावतो, कारण तो सगळ्यात जास्त येतो आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त अंदाज बांधले जातात: एस०सी७, बोलण्यात 'सॉक सेव्हन'. प्रोग्रॅमने एखाद्या फील्डवर गणित केलं आणि त्यात आकडाच नव्हता.

पॅक्ड डेसिमल, म्हणजे कॉम्प-३ फील्डमध्ये एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचा. तीन बाइटच्या फील्डमध्ये १२३४५ हा आकडा असेल तर आयएसपीएफमध्ये (टीएसओवरचे एडिटरचे पडदे) 'हेक्स ऑन' केल्यावर तो असा उभा दिसतो:

१३५
२४सी

वरून खाली वाचा: १२, ३४, ५सी. आता त्याच जागी कुणी रिकाम्या जागा, म्हणजे स्पेसेस, भरल्या असतील तर असं दिसेल:

४४४
०००

एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरांची संहिता) स्पेसचं हेक्स मूल्य ४० आहे. चिन्हाच्या जागी आला ०, तो चिन्ह म्हणून चालत नाही, आणि जॉब पडला. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की हजारो रेकॉर्डांतून वाईट रेकॉर्ड शोधणं सोपं जातं.

कामाचा क्रम असा: डंपमधून ऑफसेट (प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून किती अंतरावर तो पडला) घ्या, कंपाइल लिस्टिंगमध्ये त्या ऑफसेटची ओळ काढा, त्या ओळीत कोणती फील्ड्स आहेत ते बघा, मग इनपुट फाइलमध्ये तो रेकॉर्ड शोधा. तुमच्याकडे अबेंड-एड किंवा फॉल्ट अॅनालायझर असेल तर पहिलं काम तेच करून देतं. लिस्टिंग मात्र त्याच लोड मॉड्यूलचं हवं. गेल्या महिन्यात प्रोग्रॅम बदलला असेल आणि लिस्टिंग जुनं असेल, तर ऑफसेट भलत्याच ओळीवर नेईल आणि तुम्ही तासभर चुकीच्या फील्डकडे बघत बसाल.

वाईट डेटा आला कुठून हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नेहमीची कारणं तीन: वर्किंग स्टोरेजमध्ये सुरुवातीची किंमत दिलेली नाही, वरच्या सिस्टीमने लेआउट बदलला पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये जुनंच कॉपीबुक (रेकॉर्डच्या लेआउटची व्याख्या) आहे, किंवा पॅक्ड फील्ड्स असलेली फाइल एफटीपीने बायनरीऐवजी आस्की मोडमध्ये आली. तिसऱ्या प्रकारात फक्त एक रेकॉर्ड काढून टाकून भागत नाही, अख्खी फाइल पुन्हा मागवावी लागते.

बाकीचे कोड थोडक्यात.

एस०सी४: प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. टेबलचा सबस्क्रिप्ट मर्यादेपलीकडे गेला का, आणि कॉल करताना दिलेले पॅरामीटर दोन्ही बाजूंनी जुळतात का, हे बघा.

एस८०६: मॉड्यूल सापडलं नाही. स्टेपलिब (मॉड्यूल कोणत्या लायब्ररीत शोधायचं ते सांगणारी जेसीएलची ओळ) तपासा. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी हा जास्त दिसतो.

एस०१३: फाइल उघडतानाच अडलं. रिझन १८ म्हणजे लायब्ररीत तो मेंबर नाही, २० म्हणजे ब्लॉकसाइझ (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या रेकॉर्डांच्या गठ्ठ्याची लांबी) रेकॉर्ड लांबीच्या पटीत नाही.

एस३२२: ठरवून दिलेला सीपीयू वेळ संपला. टाइम=१४४० टाकून मोकळं होण्याचा मोह आवरा, त्याने मर्यादाच निघून जाते. प्रोग्रॅम लूपमध्ये असेल तर तो सकाळपर्यंत सीपीयू खात बसेल.

एस२२२: ऑपरेटरने जॉब कॅन्सल केला. कारण लॉगमध्ये शोधू नका, ऑपरेशन्सला फोन करा.

एस९१३: रॅकफने अडवलं. आयसीएच४०८आयमध्ये कोणता आयडी, कोणता डेटासेट, कोणता अधिकार मागितला आणि कोणता आहे हे सगळं लिहिलेलं असतं. तो पूर्ण मेसेज जसाच्या तसा सिक्युरिटी टीमला द्या. रीड पुरत असताना ऑल्टर मागू नका.

डीबी२मधलं (आयबीएमचा डेटाबेस): -९११ म्हणजे डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं) किंवा टाइमआउट होऊन रोलबॅक झालाय, म्हणजे केलेले बदल मागे घेतले गेलेत. -९०४ला सोबतचा रिझन कोड वाचल्याशिवाय अर्थ नाही. -८०५ आणि -८१८ म्हणजे पॅकेज किंवा बाइंडचा (प्रोग्रॅमचं एसक्यूएल डीबी२ला जोडून देण्याची पायरी) घोळ, पुन्हा चालवून तो सुटणार नाही.

४. जागा संपली

एसडी३७ म्हणजे प्रायमरी (सुरुवातीची) जागा भरली आणि सेकंडरी (लागल्यास वाढीव) दिलेलीच नव्हती. एसबी३७ म्हणजे व्हॉल्यूमवर (डिस्कवर) जागा उरली नाही किंवा साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला त्या व्हॉल्यूमवर मिळणारे १६ एक्स्टेंट (जागेचे सलग तुकडे) संपले. एसई३७ लायब्ररीवर आला तर ती साधी पीडीएस (जुन्या पद्धतीची लायब्ररी) आहे का बघा. तिला काँप्रेस करावं (आतली वाया गेलेली जागा मोकळी करावी) लागतं, पीडीएसईला लागत नाही. कुणी ती वापरत असताना मात्र काँप्रेस करू नका.

किती जागा द्यायची हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर सर्वाधिक ५६,६६४ बाइट बसतात, आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. रेकॉर्ड ८० बाइटचा असेल आणि ब्लॉकसाइझ २७,९२० असेल तर एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड, ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ रेकॉर्ड. सिलिंडरमध्ये १०,४७०. दहा लाख रेकॉर्डांना ९६ सिलिंडर पुरतात. तोच डेटासेट ब्लॉकसाइझ ८० देऊन केला तर ट्रॅकवर फक्त ७८ रेकॉर्ड बसतात. म्हणून जागा वाढवण्याआधी ब्लॉकसाइझकडे बघा. शून्य दिला तर सिस्टीम स्वतः योग्य आकडा निवडते.

त्याहीआधी एक प्रश्न: फाइल आजच का वाढली? महिनाअखेर असेल तर ठीक. पण कालपर्यंत दोन लाख रेकॉर्डांची असलेली फाइल आज अचानक फुगली असेल, तर वरचा प्रोग्रॅम एकच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लिहीत असू शकतो. अशा वेळी तुम्ही दिलेली जागाही भरेल, शिवाय शेजारच्या जॉब्सची जागा जाईल ती वेगळीच.

५. जॉब पडलेला नाही, पण हलतही नाही

एसडीएसएफच्या डीए पडद्यावर त्या जॉबचे दोन आकडे बघा: सीपीयू टाइम आणि ईएक्ससीपी काउंट (फाइली वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्यांची संख्या). अर्ध्या मिनिटाने पुन्हा बघा.

सीपीयू वाढतोय, ईएक्ससीपी जागच्या जागी: बहुधा लूप. दोन्ही वाढताहेत: जॉब काम करतोय, आज डेटा जास्त असेल, थांबा. दोन्ही स्थिर: तो कशाची तरी वाट बघतोय.

वाट बघत असेल तर 'डी आर,एल' ही कमांड देऊन उत्तराची वाट बघणारे मेसेज तपासा. उत्तर द्यायची वेळ आली तर मेसेजचा क्रमांक दोनदा वाचा. ३७च्या जागी ७३ला उत्तर गेलं तर दुसराच जॉब मरतो.

तिथे काही नसेल आणि डेटासेटची वाट बघत असल्याचा मेसेज असेल, तर 'डी जीआरएस,सी' देऊन डेटासेट कुणी धरलाय ते बघा. बऱ्याचदा तो जॉब नसतो, एखाद्या माणसाने टीएसओमध्ये फाइल उघडी ठेवलेली असते. आधी त्याला फोन करा. त्याचं सेशन कॅन्सल करणं हा नंतरचा उपाय, तोही मंजुरी घेऊन.

डीबी२मध्ये अपडेट करणारा जॉब अडकला असेल तर कॅन्सल करण्याआधी डीबीएला विचारा. कमिट न करता (केलेले बदल कायम न करता) तो तीन तास चालला असेल तर कॅन्सलनंतर तीन तासांचं सगळं काम मागे घेतलं जातं, आणि त्यालाही वेळ लागतो. तेवढा वेळ टेबल अडकून राहतं आणि तुमची ऑनलाइनची वेळ हातची जाते.

६. रीस्टार्ट: इथे सगळ्यात जास्त वेळ घ्या

कारण सापडलं आणि दुरुस्त झालं. आता कुठून सुरू करायचं? "जी स्टेप पडली तिथून" हे उत्तर अर्धवट आहे. पुढचे तीन प्रश्न कागदावर लिहून सोडवा.

पहिला: पडलेल्या स्टेपने जागच्या जागी काही बदललंय का? समजा स्टेप खात्यांच्या व्हीसॅम मास्टरवर (सगळ्या खात्यांच्या मुख्य फाइलवर) व्याज जमा करते आणि अर्ध्या खात्यांनंतर सॉक सेव्हन आला. ती स्टेप तशीच पुन्हा चालवली तर पहिल्या अर्ध्या खात्यांवर व्याज दुसऱ्यांदा जमा होईल. जॉब झिरो कोडने संपेल, सगळे खूश होतील, आणि गडबड कळेल ती ग्राहकांचे फोन आल्यावर. अशा स्टेपच्या आधी बहुधा बॅकअपची स्टेप असते. त्या बॅकअपमधून मास्टर परत आणायचा, मग चालवायचं. प्रोग्रॅम चेकपॉइंट (कुठवर काम झालं त्याची नोंद) घेत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते लेखी सूचनेत दिसलं पाहिजे. कुणाच्या आठवणीवर विसंबू नका.

दुसरा: जीडीजी (एकाच नावाखाली क्रमाने साठलेल्या फाइलच्या पिढ्या) आहे का? समजा स्टेप १०ने (+१), म्हणजे नवी, पिढी तयार केली, स्टेप ३० तीच (+१) म्हणून वाचते, आणि स्टेप ३० पडली. स्टेप ३०पासून रीस्टार्ट दिला तर या वेळी गणती नव्याने होते. आधीच्या वेळची (+१) आता (०), म्हणजे सध्याची शेवटची, झालेली असते. जेसीएलमध्ये तो बदल करावा लागतो, नाहीतर डेटासेट सापडत नाही. काही शेड्युलर आणि रीस्टार्ट प्रॉडक्ट्स हे आपोआप सांभाळतात. तुमचं सांभाळतं का, हे आधी विचारून ठेवा.

याच्या उलट, सगळा जॉब पहिल्यापासून चालवला तर एकाच दिवसाच्या दोन पिढ्या तयार होतात. पुढचा एखादा जॉब जीडीजीचं नुसतं बेस नाव देऊन सगळ्या पिढ्या एकत्र वाचत असेल तर तो दिवस दोनदा मोजला जातो. म्हणून आधीची पिढी काढून टाकायची की ठेवायची हे अॅप्लिकेशनवाल्यांकडून लेखी घ्या.

तिसरा: अर्धवट तयार झालेल्या फाइलचं काय झालं? जेसीएलमधल्या डिस्पचा (फाइल ठेवायची की काढायची ती सूचना) तिसरा भाग 'डिलीट' असेल तर अबेंडनंतर ती गेली. 'कॅटलॉग' असेल तर ती अर्धवट अवस्थेत बसून आहे. मग रीस्टार्टला "हे नाव आधीच आहे" असा एरर येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुढची स्टेप ती अर्धी फाइलच पूर्ण समजून वाचते. दुसऱ्या मुद्द्यात कॉपी करून ठेवलेले सिस्टीम मेसेजेस इथे कामाला येतात.

बाहेर गेलेल्या गोष्टींचाही विचार करा. पडण्याआधीच्या स्टेपने दुसऱ्या बँकेला फाइल पाठवली असेल तर ती स्टेप पुन्हा चालवणं म्हणजे तीच देणी दुसऱ्यांदा पाठवणं.

मॅनेजर कितीही घाई करत असला तरी या तीन प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय 'करतो' म्हणू नका. "पंधरा मिनिटांत सांगतो" हे पूर्ण सभ्य उत्तर आहे.

७. सिस्टीमच्या कमांड: काय चालेल, काय नाही

'डी'ने सुरू होणाऱ्या डिस्प्ले कमांड फक्त माहिती दाखवतात. त्या मोकळेपणाने शिका. थांबवण्याच्या कमांडना मात्र क्रम आहे. स्टार्टेड टास्क (ऑपरेटरच्या कमांडने सुरू होऊन चालू राहणारं काम) असेल तर आधी 'पी', म्हणजे नीट आवरून थांब. तो ऐकत नसेल तर 'सी', म्हणजे कॅन्सल. 'फोर्स' ही सिस्टीम्स टीमची गोष्ट, तुम्ही ती देऊ नका. चुकीच्या अॅड्रेस स्पेसला (चालू कामाला मिळालेली स्वतंत्र मेमरी) फोर्स दिला तर सिस्टीम आयपीएल, म्हणजे पुन्हा सुरू, करण्याची वेळ येऊ शकते. डीबी२, सीआयसीएससारख्या सबसिस्टीमना त्यांच्या स्वतःच्या शटडाउन कमांडनेच थांबवतात.

स्पूल (जॉबचं आउटपुट साठवायची जागा) भरत आल्याचा हॅस्प०५० हा मेसेज आला तर आउटपुटच्या पडद्यावर ओळींच्या संख्येनुसार क्रम लावा. बहुधा डिस्प्ले स्टेटमेंट लूपमध्ये अडकलेला एकच जॉब लाखो ओळी छापत असतो. तो थांबवल्याशिवाय जुनं आउटपुट पर्ज करण्यात (काढून टाकण्यात) हशील नाही. आणि पर्ज केलेलं परत येत नाही, म्हणून दुसऱ्या टीमच्या आउटपुटला त्यांना न विचारता हात लावू नका.

८. हँडओव्हर आणि सराव

हँडओव्हरमध्ये "जॉब फेल झाला, रीरन केला, ओके" असं लिहू नका. जॉबचं नाव आणि जॉब क्रमांक, स्टेप, कोड, रिझनसकट मूळ मेसेज, काय बदललं, कोणाच्या मंजुरीने, कोणत्या स्टेपपासून चालवलं, कोणत्या जीडीजी पिढीवर, आणि तात्पुरता बदल परत घ्यायचा राहिलाय का, हे लिहा. शेवटचा मुद्दा हमखास सुटतो आणि दुसऱ्या रात्री कालचंच ओव्हरराइड घेऊन जॉब चालतो.

सरावासाठी प्रॉडक्शनची वाट बघायची गरज नाही. आयबीएमचं 'झेड एक्स्प्लोअर' फुकट आहे, त्यात खऱ्या झेड-ओएसवर हात चालवता येतो. घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस एम्युलेटर (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि जुनी एमव्हीएस ३.८जे (झेड-ओएसची पूर्वज) चालते. ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली असली तरी जेसीएल आणि अबेंडच्या सवयीसाठी पुरेशी आहे. तिथे मुद्दाम गोष्टी मोडा: सेकंडरी जागा न देता मोठी फाइल लिहा, स्टेपलिब काढून टाका, ग्रुप लेव्हलला स्पेसेस टाकून आतल्या कॉम्प-३ फील्डमध्ये १ मिळवा. प्रत्येक वेळी कोड बघण्याआधी लॉगमध्ये काय येईल ते वहीत लिहून ठेवा, आणि मग ताडून बघा.